न दचकणारं पिल्लू

कुत्र्याचं पिल्लू कसं निवडावं हे अख्ख्या शिवकाशीत एकाच माणसाला कळतं, असं त्या गल्लीत एकच माणूस म्हणत असे, आणि तो माणूस म्हणजे सुडलैमुत्तू.

फटाक्यांच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं काढून तो फोरमन म्हणून निवृत्त झाला होता. काम नमुने वाजवून बघण्याचं. रोज दुपारी तीन वाजता मागच्या माळावर जायचं, प्रत्येक खेपेतला एकेक फटाका लावायचा आणि आवाजावरून सांगायचं, दारू नीट भरली आहे की नाही. एवढ्या वर्षांत त्याने कधी कानात कापसाचा बोळा घातला नाही. बोळे नवख्यांसाठी, असं त्याचं मत. व्हायचं ते झालं. डाव्या कानाने काहीच ऐकू येईना, आणि उजव्याने जे येई ते विहिरीच्या तळातून आल्यासारखं. पण हे फक्त लोकांना माहीत होतं. त्याच्या मते हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलायला लागली होती.

त्यावर त्याने सोपा उपाय शोधला होता. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की मान डोलवायची. दहापैकी नऊ वेळा लोकांना तेवढंच हवं असतं.

दहावी वेळ आली पोंगलनंतर. मुलगी कयल मदुरैहून आली आणि सव्वा तास फाटक वाजवत उभी राहिली. हा आत पेपर वाचत बसलेला. शेवटी शेजारची पेच्चियम्मा मागच्या दाराने आत शिरली आणि तिने मूठभर भिजवलेले तांदूळ पेपरवर फेकले, तेव्हा कुठे याने मान वर केली.

"अप्पा, सामान बांधा. मदुरैला चला," कयल त्याच्या उजव्या कानाशी ओरडली.

"का?"

"तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून."

"सगळं येतं. तूच हळू वाजवलंस."

"पलीकडच्या गल्लीतून लोक बघायला आले होते, अप्पा."

सुडलैमुत्तूने दाराबाहेर पाहिलं. हे घर त्याने रोज उन्हात उभं राहून बांधून घेतलं होतं. दारातला कडुनिंब बायकोने लावलेला. मदुरैचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्याने एकदा पाहिला होता. तिथे ओटाच नव्हता. संध्याकाळी माणसाने बसायचं कुठे?

"मी कुत्रा पाळतो," तो म्हणाला. "कोणी आलं की तो भुंकेल. मला गरज नाही, पण तुझ्या जिवाला शांतता."

कयल त्याच्या उजव्या कानाशी आणखी वाकली. "ठीक आहे. तीन महिने. मग मी न सांगता येईन आणि फाटकातून हाक मारीन. कुत्रा भुंकला आणि तुम्ही बाहेर आलात, तर मदुरैचं नाव काढणार नाही. नाहीतर त्याच दिवशी सामान बांधायचं."

हे मात्र त्याने नीट ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तो बसने राजपाळयमला गेला. तिथले वीरराघव राजा पांढरे शिकारी कुत्रे पाळणाऱ्या जुन्या घराण्यातले. अंगणात आंब्याखाली पाच पिल्लं लोळत होती. चार पांढरीशुभ्र, गुलाबी नाकाची, आणि एक फिकट बदामी.

"कसं निवडतात ते बघा आता," असं म्हणून सुडलैमुत्तूने खिशातून लवंगी फटाका काढला आणि राजा नको नको म्हणेपर्यंत दूर भिंतीशी लावलादेखील.

शिवकाशीत कुत्र्याची पहिली परीक्षा हीच. तिथे बाराही महिने दिवाळी. दुपारचे नमुने वाजायला लागले की निम्म्या गावाचे कुत्रे खाटेखाली जातात. चोराने यायचं ठरवलं तर तीनच्या सुमारास यावं.

फटाका वाजला. तीन पांढरी पिल्लं आईच्या पोटाखाली घुसली, बदामी केकाटत गोठ्याकडे पळालं. उरलेलं एक पांढरं मात्र सुडलैमुत्तूच्या चपलेचा अंगठा चघळत बसलं होतं. त्याने साधा कानसुद्धा हलवला नाही.

"हा वाघ," सुडलैमुत्तू म्हणाला. "हाच."

राजा पाठमोरा होऊन गोठ्यातून बदामी पिल्लू ओढून काढत होता. तो काढता काढता काहीतरी सांगत होता. सांगणं संपल्यासारखं दिसल्यावर सुडलैमुत्तूने मान डोलवली. राजा थबकला. त्याने मिशीआडून आणखी काहीतरी विचारलं, जरा लांबलचक. सुडलैमुत्तूने पुन्हा मान डोलवली, या वेळी ठामपणे. राजाने बदामी पिल्लू पुढे धरलं. सुडलैमुत्तूने ते हाताने बाजूला सारलं.

तेव्हा राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने बायकोला बोलावून आणलं आणि दोघांनी हात जोडले. पिल्लाचे पैसेही घेईनात. सुडलैमुत्तूला त्यात नवल वाटलं नाही. असं पारखी गिऱ्हाईक त्यांना रोज कुठून मिळणार?

पिल्लाचं नाव त्याने वीरन ठेवलं. परतीच्या बसमध्ये ड्रायव्हरने वाटेभर भोंगा वाजवला, कंडक्टरने शिट्ट्या मारल्या, मागच्या बाकावर दोन कोंबड्यांची मारामारी झाली. वीरन टोपलीत झोपला होता. उतरेपर्यंत अर्धी बस त्याच्या धैर्याबद्दल बोलत होती.

गल्लीत तर वीरन महिनाभरात प्रसिद्ध झाला. तीनचे नमुने वाजू लागले की लोक मुद्दाम त्याला बघायला येत. सगळे कुत्रे खाटेखाली आणि हा ओट्यावर पाय पसरून घोरतोय. हाक मारली तर तो वळून बघत नसे. सुडलैमुत्तू म्हणे, राजघराण्यातलं रक्त आहे, असं हाकेसरशी धावत येणार नाही. पोस्टमन त्याला ओलांडून आत येऊन पत्र ठेवून जाई. सुडलैमुत्तू म्हणे, त्याला सरकारी माणूस ओळखू येतो.

पेच्चियम्मा कुंपणापलीकडून रोज काहीतरी सांगे. सुडलैमुत्तू रोज मान डोलवी.

पण दोन महिने संपले आणि त्याला काळजी लागली. वीरन भुंकला होता तो फक्त स्वतःच्या शेपटीवर. बराच विचार करून सुडलैमुत्तूने ठरवलं की अशा धाडसी कुत्र्याला चिडवायला मोठाच आवाज हवा. त्याने कपाटातून जुना सुतळी बॉम्ब काढला, वीरन ओट्यावर झोपलेला असताना अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, वात पेटवली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

धूर निघाला. कुठेतरी दूर कोणी पापड मोडावा तसा आवाज झाला. वीरनने कूस बदलली.

"दारू सर्दावली," सुडलैमुत्तू स्वतःशी म्हणाला.

तेवढ्यात फाटक उघडून गल्ली आत आली. कोणाची कौलं सरकली होती, कोणाचं बाळ किंचाळत होतं, पेच्चियम्माच्या हातून इडलीच्या पिठाचं पातेलं सुटून ती स्वतः कमरेपर्यंत पांढरी झाली होती. सगळ्यांची तोंडं एकदम हलत होती.

"हल्लीच्या मालात दम राहिला नाही," सुडलैमुत्तूने सर्वांना समजावलं.

पेच्चियम्माने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडलं, पिठाळ हातानेच त्यावर पेन्सिलीने लिहिलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. "अण्णाच्ची, कुत्रा ठार बहिरा आहे. दोन महिने सांगते आहे. तुम्ही मान डोलवता."

सुडलैमुत्तूने ते तीनदा वाचलं. खाली आणखी एक ओळ मावेल एवढी जागा होती. ती तिने कोरी सोडली होती.

दुसऱ्या दिवशी वीरनला घेऊन तो राजपाळयमला पोचला. या वेळी तो राजाच्या अगदी समोर बसला, उजवा कान पुढे करून.

"राजा, हे पिल्लू बहिरं निघालं."

"निघालं म्हणजे? सांगितलं होतं ना मी," राजा मोठ्यांदा म्हणाला. "या पांढऱ्यांत एखादं निघतं असं. राखणीला उपयोग नाही, कोणी नेत नाही, नुसतं माया करायला कोणी नेलं तर बरं, असंच म्हणालो. तुम्ही हो म्हणालात. मला खरंच वाटेना, म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा हो म्हणालात. आमच्या घरात अजून तुमचं नाव निघतं, अण्णाच्ची."

राजाची बायको ताकाचा पेला घेऊन आली. देवळात नैवेद्य ठेवावा तसा तिने तो त्याच्यापुढे ठेवला.

"बदामी अजून आहे बरं का," राजा म्हणाला. "पाल सरकली तरी उठून भुंकतं. त्या दिवशी तुम्हाला ऐकू आलं नसेल, तर तसं सांगा. आत्ता बदलून देतो. त्यात लाज कसली?"

बदामी पिल्लू आता चांगलं गुडघ्याएवढं झालं होतं. दोन्ही कान उभे करून ते सुडलैमुत्तूच्या श्वासाचा आवाज ऐकत होतं. म्हणायचं होतं एवढंच, मला ऐकू आलं नव्हतं. चार शब्द. त्या चार शब्दांवर घर होतं, ओटा होता, कडुनिंब होता.

"ऐकलं होतं की," सुडलैमुत्तू म्हणाला. "मुद्दामच नेलं."

"मग आज?"

"तुम्हाला दाखवायला आणलं. केवढं झालं बघा."

राजाच्या बायकोने पदराने डोळे टिपले. ताक पिऊन सुडलैमुत्तू वीरनला घेऊन घरी आला.

आता उरला एक महिना. पहिले आठ दिवस तो फाटकाकडे तोंड करून खुर्चीत बसून राहिला. डोळे दुखायला लागले, मान आखडली. मग त्याने फोरमनचं डोकं चालवलं. फाटकाच्या कडीला सुतळी बांधली, ती अंगणातून ओट्यावर आणली आणि दुसरं टोक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं. फाटक हललं की अंगठा ओढला जाणार. पहिल्या दिवशी शेळीने ओढला. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने अकरा वेळा ओढला, आणि अकराही वेळा तो "आलो, आलो" करत फाटकापर्यंत लंगडत गेला. तरी यंत्र चोख होतं. तो निश्चिंत झाला.

ज्या दिवशी कयल आली त्या दिवशी दुपारी जेवून तो ओट्यावर आडवा झाला होता. तिने हाका मारल्या. कडी वाजवली. गल्लीतले सगळे कुत्रे भुंकून थकले.

सुडलैमुत्तूला जाग आली तेव्हा ती त्याच्या पायाशी पायरीवर बसलेली होती. शेजारी पेच्चियम्मा उभी.

"आलीस? वीरन भुंकला तेव्हाच कळलं मला," तो लगेच म्हणाला. "उठतच होतो."

कयल त्याच्या अंगठ्याकडे बघत होती. अंगठ्यापासून वीतभर सुतळी निघाली होती आणि तिथेच संपली होती. उरलेली सुतळी वीरनच्या तोंडात होती. तो ती मन लावून चघळत होता.

मग कयल पेच्चियम्माशी बराच वेळ बोलली. तिचे ओठ थरथरत होते, त्यामुळे त्याला वाचता येईनात. त्याने काय म्हणाली म्हणून विचारलं नाही.

सामान टेम्पोत चढल्यावर पेच्चियम्मा धावत आली आणि तिने त्याच्या हातात कॅलेंडरचं पान दिलं. ते त्याने वाटेतलं विरुदुनगर मागे पडल्यावर उघडलं. "कयल म्हणाली, अप्पांनी एकदा जरी कबूल केलं असतं की ऐकू येत नाही, तर कानाचं यंत्र घेऊन दिलं असतं आणि इथेच राहू दिलं असतं. ज्याला ऐकू येत नाही त्याची काळजी नाही वाटत, ज्याला सगळं ऐकू येतं त्याची वाटते." पुढे लिहिलं होतं, "तब्येत सांभाळा. माझं चेपलेलं पातेलं भरून दिलं नाहीत तरी चालेल."

मदुरैच्या इमारतीत कुत्रा ठेवायला सोसायटीची परवानगी लागते. पहिल्याच रविवारी सचिव पाहणीला आले. आधीच्या एका कुत्र्याबद्दल आलेल्या तक्रारींची जाड फाईल त्यांच्या काखेत होती. त्यांनी सात-आठ वेळा बेल वाजवली, दार ठोठावलं, शेवटी कयल स्वयंपाकघरातून हात पुसत आली. आत येऊन बघतात तो सोफ्यावर म्हातारा आणि त्याच्या पायाशी कुत्रा, दोघेही समोरच्या भिंतीकडे बघत शांत बसलेले.

सचिव इतके खूश झाले की त्यांनी कॉफीसुद्धा घेतली. छापील अर्ज तिथल्या तिथे भरून, सही करून ते गेले. ते गेल्यावर सुडलैमुत्तूने चष्मा चढवला आणि टेबलावरचा कागद जवळ ओढला. अर्जावर या घरात नव्याने राहायला आलेल्यांची नोंद होती. कुत्रा पहिल्या क्रमांकावर होता.

"१. कुत्रा, पांढरा. आवाजाचा त्रास नाही. बेल वाजवून खात्री केली. हरकत नाही.

२. वडील, वय एकाहत्तर. वरीलप्रमाणे."