डेल्बर्टचं गॅरेज ओस पाडायचा बेत

यंदा डेल्बर्ट टगलचं गॅरेज ओस पाडायचंच, असं मी ठरवलं होतं. आणि मी, हार्लन पिकेट, एकदा ठरवलं की ठरवलं!

आमच्या गावच्या कॉलेजची अमेरिकन फुटबॉलची टीम पहिल्यांदाच राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात पोचली होती. देशभरातल्या बारा टीममधून दोन उरल्या, त्यातली एक आमची! जॉर्जियातल्या आमच्या एवढ्याशा गावात लोकांनी लग्नाच्या तारखा पुढे ढकलल्या. मला मात्र टीमची चिंता नव्हती. गाव हा सामना कुणाच्या घरी बघणार, याची होती.

डेल्बर्ट माझा शेजारी. गेली अकरा वर्षं प्रत्येक मॅच त्याच्या गॅरेजात. गाडी अंगणात काढायची, घडीच्या खुर्च्या मांडायच्या, कोपऱ्यात जुनाट टीव्ही, छपरावर गंजकी अँटेना आणि खायला उकडलेल्या शेंगा. एवढ्यावर सारं गाव तिथे! डुकराच्या बरगड्या मी पहाटेपासून धुरावर भाजायच्या आणि लोकांनी त्या डेल्बर्टच्या खुर्चीत बसून, डेल्बर्टच्या विनोदांना हसत खायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

म्हणून यंदा भिंतभर टीव्ही घेतला. इंटरनेटवरचा, खेळाडूच्या नाकावरचा घाम दिसेल असा. रविवारी चर्चच्या दारात उभा राहून एकेकाला आमंत्रण दिलं. पास्टर होलिससुद्धा येतो म्हणाले. सामन्याच्या संध्याकाळी माझ्या दिवाणखान्यात अठरा माणसं, आणि डेल्बर्टकडे तो, त्याचा मेहुणा आणि कुत्रा! त्याच्या नाकावर टिच्चून मी त्याच्या बाजूची खिडकी सताड उघडली. आमचा जल्लोष त्याला ऐकू जायला नको?

झालं उलटंच. टीव्हीवर आमचा खेळाडू नुकता चेंडू हातात घेतोय, तोच पलीकडून डेल्बर्टची आरोळी आली, "टचडाउन!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चाळीस सेकंदांनी माझ्या टीव्हीवरही आमचा खेळाडू चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार गेला, टचडाउन झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण शाळेच्या बक्षीस समारंभात वाजवतात तशा.

वेंडेल हायस्कुलात विज्ञान शिकवतो. तो म्हणाला, "इंटरनेटवरून चित्र उशिरा येतं, हार्लन. अँटेनावर लगेच येतं."

मी खिडकी लावली. आवाज वाढवला. पण डेल्बर्टचा गळा म्हणजे काय विचारता! त्यात प्रतिस्पर्ध्यांनी गुणांवर गुण घ्यायला सुरुवात केली आणि प्रत्येक वेळी आधी पलीकडून आक्रोश, मग आमच्याकडे चित्र. माणसाने एकच दुःख दोनदा किती वेळा सोसायचं?

आधी पास्टर उठले. पाय मोकळे करून येतो म्हणाले, ते गेलेच. वेंडेलला गाडीचे दिवे चालू राहिल्याची शंका आली. एकेकाला काहीतरी आठवत गेलं, आणि ज्याला आठवलं तो बरगड्यांची बशी बरोबर घेऊन गेला! शेवटी उरली माझी बायको नॅडीन. तीही उठली.

"तू कुठे निघालीस?"

"आपल्या बशा आणायला."

"मग शाल कशाला घेतलीस? मॅच संपेपर्यंत येत नाहीस तू."

"नाही येत," ती म्हणाली आणि गेली.

आम्ही चोवीस विरुद्ध सातने मागे होतो. खोटं कशाला बोलू, एकट्याने बसून मी देवाकडे प्रार्थना केली की आज आपल्याला हरू दे. जन्मापासून ज्या टीमसाठी घसा फोडला, तीच! हरलो तर निदान डेल्बर्टच्या गॅरेजात सुतक पडेल, एवढाच हिशेब.

देवाने ऐकलं नाही. पलीकडून एक आरोळी आली. मग दुसरी. दोन टचडाउनचे चौदा, एका किकचे तीन, बरोबरी! आणि शेवटचे चार सेकंद उरलेले असताना एवढा कल्ला उठला, की माझ्या पडद्यावर किक मारणारा अजून बुटाची नाडी बांधत होता आणि आम्ही राष्ट्रीय विजेते झालो होतो. मी जागचा हललो नाही.

दार धाडकन उघडलं. सगळं गाव आत! मला वाटलं, माफी मागायला आले. पण पास्टरनी मला थेट मिठीच मारली.

"हार्लन, हे तू केलंस!"

वेंडेलने वेळा लिहूनच आणल्या होत्या. "आम्ही इथे होतो तोवर आपण मार खात होतो. नॅडीन बाहेर पडली, तू एकटा राहिलास, आणि तिथून पुढे सलग वीस गुण. त्यांचा एकही नाही."

आणि हा विज्ञान शिकवतो!

मागे डेल्बर्ट उभा होता, तोंड आंबट करून. "अकरा वर्षं खुर्च्या मी मांडल्या," तो म्हणाला, "आणि टीमला जिंकवलं याने."

डेल्बर्ट माझ्यावर जळत होता! काय सांगू, छाती फुगून शर्टाची बटणं तुटायची बाकी होती.

तेवढ्यात पास्टरनी गावाचा निर्णय सांगितला. येत्या सप्टेंबरपासून प्रत्येक मॅच मी माझ्या घरात, दार लावून, अगदी एकट्याने बघायची. बाकी सगळे डेल्बर्टकडे.

डेल्बर्टचं तोंड अजून तसंच होतं, म्हणून मी लगेच हो म्हणालो. बरगड्या तेवढ्या आदल्या दिवशीच त्याच्या गॅरेजात पोचवायच्या, हे मला नॅडीनने नंतर सांगितलं.