मागणी नसलेला मोर्चा

सिद्धांतची मीटिंग ऐन रंगात आली असताना छताचा पोपडा सुटला आणि नेमका त्याच्या चहाच्या कपात पडला. वरून छन्न छन्न आवाज येत होता आणि बंद पंखा आपोआप थरथरत होता. लॅपटॉपमधून पुण्याच्या साहेबांनी विचारलं, "सिद्धांत, सोलापूरला भूकंप वगैरे झाला का?"

"नाही सर, वरती जरा काम चाललंय," असं म्हणून त्याने कॅमेरा बंद केला आणि दोन-दोन पायऱ्या चढत गच्ची गाठली.

गच्चीवर त्याची आई, प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका डॉ. मनकर्णा तळभंडारे, पदर कमरेला खोचून, हातात लेझीम घेऊन उभी होती. तिच्यामागे विद्यापीठातून निवृत्त झालेली दहा-बारा माणसं ओळ धरून उभी होती. परीक्षा विभागातले गुरुलिंग हत्तुरे पाण्याच्या टाकीला टेकून हलगी वाजवत होते.

"आई, हे काय चाललंय?"

"लेझमाचा 'चार आवाज' डाव. पुढचा अजून बसत नाहीये."

"अगं, आणि तुझा गुडघा?"

"तोही आलाय."

सगळे खो खो हसले. सिद्धांत हसला नाही. "छत खाली येतंय आमचं! तू घरात बस बघू निवांत."

झालं. नेमका नको तो शब्द त्याच्या तोंडून गेला होता.

मनकर्णाबाईंनी उभं आयुष्य उभं राहून काढलं होतं. फळ्यापुढे उभ्या, बेडूक चिरताना उभ्या, परीक्षेत सुपरव्हिजनला उभ्या. निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून जो भेटेल तो त्यांना 'बसा' म्हणू लागला. भाजीवाली म्हणायची बसा, बँकेतला पोरगा म्हणायचा बसा, सून बुद्धप्रिया तर हातातलं लाटणं काढून घेऊन म्हणायची, "आई, तुम्ही बसा बरं." कार्यक्रमाला गेलं की पहिल्या रांगेतली खुर्ची ठरलेली. वर शाल. शाली ठेवायला घरात कपाट उरलं नव्हतं.

त्यातच परवा विद्यापीठात निवृत्तांची बैठक झाली. उपकुलसचिव गुरुशांत मुस्तारे यांनी जाहीर केलं, की वर्धापनदिनाच्या शोभायात्रेत सर्व ज्येष्ठांना सजवलेल्या टेंपोतून सन्मानाने नेलं जाईल. बसायला गाद्या असतील, शिवाय गळ्यात हार.

मनकर्णाबाई उठून उभ्या राहिल्या. "मुस्तारे साहेब, टेंपोत गाद्या घालून मूर्ती नेतात. आणि दुसऱ्या दिवशी त्या कुठे बुडवतात तेही आम्हाला माहीत आहे. आम्ही चालत येणार. आणि नुसतं चालत नाही, लेझीम खेळत येणार!"

बोलताना वाटलं नव्हतं, पण सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. आता माघार घ्यायची तर टेंपोत बसावं लागणार होतं.

सिद्धांतने गच्ची बंद केली, म्हणून दुसऱ्या दिवशी मंडळी कॉलनीच्या बागेत गेली. तिथे हास्यक्लबचा वर्ग चालू होता. हलगीची पहिली थाप पडताच त्यांचं हसणं थांबलं आणि ते सगळे मिळून भांडायला आले. तिसऱ्या दिवशी समाजमंदिर मिळालं, पण डाव रंगात येतो न येतो तोच पलीकडच्या खोलीतून बारशाचं बाळ किंचाळून उठलं.

"आता कुठं जायाचं?" चंद्रव्वाने घाम पुसत विचारलं. चंद्रव्वा विद्यापीठात शिपाई होती. साहेब लोकांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसून बसून तिला बसण्याचा मनकर्णाबाईंपेक्षाही जास्त वीट आला होता.

"विद्यापीठाचं मैदान हाय की एवढं मोठं," हत्तुरे म्हणाले. "सकाळचं काळं कुत्रंसुद्धा नसतंय तितं."

चौथ्या दिवशी सगळी वरात तीन रिक्षांतून विद्यापीठाच्या गेटवर उतरली. गेटवर नवा वॉचमन होता.

"पास?"

"मी इथे अर्धं आयुष्य शिकवलंय," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"असंल की मॅडम. पण पास हाय का?"

"आम्ही मैदानावर खेळायला आलोय."

वॉचमनने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग हातातल्या लोखंडी लेझमांकडे पाहिलं. "न्हाय जमणार. सायबांना इचारावं लागंल. तवर तुमी हितं सावलीला बसा."

मनकर्णाबाईंच्या कपाळाची शीर तटतटली. "हत्तुरे, गेटाच्या बाहेरचा रस्ता कुणाचा?"

"सरकारचा म्हणजे आपलाच की हो!"

"मग लावा हलगी!"

आणि भर गेटासमोर लेझीम सुरू झालं. कॉलेजच्या बसमधून पोरं उतरत होती. ती आधी थबकली, मग गोल करून उभी राहिली, मग प्रत्येकाचा मोबाइल वर गेला. एका मुलीने चंद्रव्वाला विचारलं, "आजी, कशासाठी चाललंय हे?"

चंद्रव्वाला धाप लागली होती. तिला म्हणायचं होतं, की आमच्या हक्काचं मैदान आहे, तिथं खेळायला सोडत नाहीत. पण श्वास पुरला तेवढंच बाहेर आलं, "हक्काचं हाय! सोडत न्हाईत!"

पोरांना तेवढं पुरे होतं. मागून कुणीतरी ओरडलं, "हक्क आमचा..." आणि शंभरेक गळ्यांतून उत्तर आलं, "मिळालाच पाहिजे!"

वॉचमनने घाईघाईने वर फोन लावला. "साहेब, मोर्चा आलाय. समदी वयस्कर माणसं हायती. हातात लोखंडाचं कायतरी हाय."

पाचच मिनिटांत मुस्तारे साहेब धावत खाली आले. त्यांच्यामागे दोघे कर्मचारी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत घेऊन येत होते.

"मॅडम, आधी सगळे बसा. शांतपणे बोलू."

"बसणार नाही!" मनकर्णाबाई गरजल्या.

"बसणार नाही! बसणार नाही!" पोरांनी ती घोषणाच करून टाकली.

मुस्तारेंनी हात जोडले. "मॅडम, तुमच्या सर्व मागण्यांबाबत प्रशासन सकारात्मक आहे."

"कुठल्या मागण्या?" मनकर्णाबाईंनी खरोखरच विचारलं.

"टोमणे मारू नका हो. सगळं रेकॉर्ड होतंय."

हत्तुरे हलगी बगलेत मारून त्यांच्या कानाशी आले. "मॅडम, द्यायला आलेत तर मागून घ्या की! परत असा योग येत न्हाय."

मनकर्णाबाईंनी क्षणभर विचार केला. मग वर्गात प्रश्न घालावा तशा आवाजात म्हणाल्या, "एक, रोज सकाळी मैदान आम्हाला खुलं पाहिजे."

"मान्य!"

"मैदानावरच्या संडासाचं कुलूप काढा," चंद्रव्वा मधेच म्हणाली. "किल्ली कुणाकडं हाय ते मी रिटायर होईस्तवर कळलं न्हाय."

"मान्य."

"आन् क्यांटीनला आमाला बघून बिनसाखरेचा चहा देतेत," हत्तुरे म्हणाले. "न इचारता! ज्याला शुगर हाय तो सांगंल की."

"तेही मान्य."

"आणि टेंपो रद्द," मनकर्णाबाई म्हणाल्या.

इथे मात्र मुस्तारे अडले. "मॅडम, मनापासून सांगतो. शोभायात्रा लांबची आहे. ऊन असतं. तुम्हाला झेपायचं नाही. काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

एवढ्यात गर्दीतून वाट काढत सिद्धांत आला. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात गोळ्यांचा डबा. व्हिडिओ त्याच्या मोबाइलवर पोचला होता आणि त्याच्या पुण्याच्या साहेबांच्याही. "आई, मुस्तारे साहेब बोलतायत ते बरोबर आहे. चल घरी."

मनकर्णाबाईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा मुस्तारेंकडे. या दोघांच्याही बोलण्यात काळजी होती, हे त्यांना कळत होतं. त्याचाच तर त्रास होता. रागावणाऱ्याशी भांडता येतं. काळजी करणाऱ्याशी भांडायचं कसं?

त्यांनी आपलं लेझीम मुस्तारेंपुढे धरलं. "झेपतं की नाही ते असं तोंडानं ठरत नाही, साहेब. तुम्ही नोकरीत आहात, आमच्याहून तरुण आहात. दोन मिनिटं आमच्यासोबत खेळून दाखवा. जास्त कोण दमतं ते बघू आणि मग टेंपोत कोणाला बसवायचं ते ठरवू."

"खेळा! खेळा!" पोरांनी शिट्ट्या मारल्या.

नाही म्हणायची सोय नव्हती. मुस्तारेंनी लेझीम हातात घेतलं. दुसऱ्या थापेला त्यांचा डावा पाय उजव्यात अडकला आणि पोरं फिदीफिदी हसली. पण मग काय झालं कोण जाणे, पाचव्या-सहाव्या थापेला त्यांचे खांदे सैल पडले, कंबर लवली आणि लेझीम बरोबर ठोक्यावर वाजलं. ते स्वतःच चकित झाले. "लहानपणी आमच्या तालमीत खेळायचो," ते धापा टाकत म्हणाले. "साहेब झाल्यापासून मलाही पुढच्या रांगेतच बसवतात हो!"

"बर्री, बर्री!" हत्तुरे खुशीत कानडीतून बोलावत ओरडले आणि त्यांनी लय वाढवली.

तिकडे सिद्धांतला कळायच्या आत त्याच्या दोन्ही खांद्यांवर चार पर्सा आल्या होत्या, हातात तीन चष्मे आले होते आणि चंद्रव्वाने आपल्या चपलाही त्याच्याच पायाशी काढून ठेवल्या होत्या. "जरा बघ बाळा," एवढंच ती म्हणाली.

वॉचमनचा फोन वाजला. वरून कुणीतरी खिडकीतून पाहत असावं. "व्हय साहेब. न्हाय, अजून चालूच हाय... मुस्तारे साहेब? ते बी मोर्चात घुसले की! लई जोरात हायत... व्हय, बंद करतो."

गेट करकरत बंद झालं.

मुस्तारे थांबले आणि घाम पुसत गेटाशी गेले. "अरे, उघड. मला वर मीटिंगला जायचंय."

वॉचमन अदबीने उठून उभा राहिला. "साहेब, माफी असावी. मोर्चातल्या एकाबी माणसाला आत सोडायचं न्हाय, असा आत्ताच वरून हुकूम आलाय."

"मी उपकुलसचिव आहे!"

"मला ठाव हाय साहेब. मी सलाम बी केला तुमाला सकाळी. पण तुमच्या हातात लेझीम हाय."

मुस्तारेंनी हातातल्या लेझमाकडे पाहिलं. वरच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे दोन-तीन चेहरे होते, ते पटकन आत गेले. साहेबांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी वॉचमनवर ओरडायला तोंड उघडलं. पण मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी टाय सोडला, घडी करून खिशात कोंबला आणि सरळ येऊन मनकर्णाबाईंच्या ओळीत शेवटी उभे राहिले.

"मॅडम, मघाचा डाव परत दाखवता का? माझा पाय चुकतोय."

"पाय नाही, लक्ष चुकतंय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मागच्या बाकावरून बघताय तुम्ही. पुढे या."