मौजे बोंडेवाडीच्या पेंग्विनांचे पोट

नवा जिल्हा होऊन चार महिने झाले होते. लातूरकडून काही गावं आली, नांदेडकडून काही, आणि दोन्हीकडून मोडक्या खुर्च्या. पाऊस कुणीच दिला नाही. टंचाई शाखेत मन्मथ बिराजदार हा एकुलता एक लिपिक, आणि त्याच्या टेबलावर मौजे बोंडेवाडीच्या टँकरची फाइल. गावची विहीर आटलेली. दर सोमवारी तिथल्या सरजाबाई पहिल्या बसनं यायच्या आणि टेबलासमोर उभ्या राहायच्या.

फाइल अडली होती एका परिपत्रकापायी. 'वन्य पेंग्विनांच्या आतड्यांतील जिवाणूंमध्ये ऋतुमानानुसार होणारे बदल : जिल्हानिहाय माहिती सादर करणेबाबत.' असल्या कागदाचं काय करायचं ते जुन्या जिल्ह्यांना ठाऊक होतं. ते कपाटावर टाकून देत. नव्या जिल्ह्याला अजून कपाटच मिळालं नव्हतं, म्हणून मन्मथनं त्याला आवक क्रमांक दिला आणि फसला. आता ही माहिती गेल्याशिवाय जिल्ह्याची कोणतीही मागणी वर विचारात घेतली जाणार नव्हती.

मन्मथनं 'निरंक' लिहून पाठवलं. आठ दिवसांत ते परत आलं. निरंक कोणत्या ऋतूत? पेंग्विन नाहीत की जिवाणू नाहीत? पेंग्विन नसल्यास कधीपासून नाहीत, आणि ते गेले तेव्हा संबंधित तलाठ्याने पंचनामा का केला नाही?

"लिहून टाक की हायत म्हणून," शाखेचे साहेब अण्णाराव हालकुडे म्हणाले. "नसल्याचा पुरावा लागतो. असल्याला नुस्ती सही लागते."

मन्मथनं 'आहेत' लिहिलं. ठिकाण आणि संख्या विचारली होती. हाताशी बोंडेवाडीची फाइल होती, तिच्यातलं गाव आणि लोकसंख्या उतरवली : बोंडेवाडी, तीनशे बारा. लगेच उत्तर आलं, अभिनंदनासह. तिन्ही ऋतूंतले विष्ठेचे नमुने नांदेडच्या प्रयोगशाळेत पाठवावेत.

सोमवारी मन्मथ संकोचानं म्हणाला, "मावशी, चार कोंबड्यांची घाण आणून द्याल का?"

"कोंबड्या कवाच इकल्या. पाजायचं काय त्यास्नी?" सरजाबाईंनी थोडा विचार केला. "माणसं हायत की तीनशे बारा."

मंगळवारी तीन बाटल्या आल्या. मन्मथनं नाक दाबून त्यांच्यावर चिठ्ठ्या डकवल्या : पावसाळा, हिवाळा, उन्हाळा.

प्रयोगशाळेचा अहवाल फार अभ्यासपूर्ण होता. 'पिसे झडण्याच्या काळात पेंग्विन उपाशी राहतो व त्याच्या पोटातील जिवाणू बदलतात. प्रस्तुत पक्षी बाराही महिने पिसे झडत असल्यासारखा आहे. तिन्ही ऋतूंत बदल आढळत नाही. उपासमार कायम, पाण्याचा अभाव कायम. हा दुर्मीळ जीव वाचवण्यासाठी तातडीने पाणी द्यावे.'

तिसऱ्या दिवशी बोंडेवाडीत टँकर आला. त्यावर फलक होता : 'केवळ पेंग्विनांसाठी'. चालकानं नळीवर हात ठेवून विचारलं, "पेंग्विन कुठंयत? त्यांचा अंगठा पायजे कागदावर."

सरजाबाई घागर घेऊन पुढं झाल्या. "मीच हाय. वत."

चालकानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यानं आयुष्यात पेंग्विन पाहिला नव्हता. त्यानं अंगठा घेतला आणि नळी सोडली.

वर्तमानपत्रात टँकरचा फोटो छापून आला. कार्यालयात सदुसष्ट पत्रं येऊन पडली. पेंग्विनांना मासे मिळतात का? ऊन सोसतं का? शाळेची सहल आणली तर चालेल का? मन्मथनं एकेकाला 'प्रकृती समाधानकारक' असं कळवलं. फोटोत घागर घेऊन उभी असलेली बाई कोण, हे एकाही पत्रात विचारलेलं नव्हतं. त्याला मनातून फार वाईट वाटलं.

पुढच्या सोमवारी सरजाबाई आल्या. "बाबा, कागदावर आमचं नाव कवा लिव्हता?"

"लिहितो, मावशी. पण माणसं लिहिली की टँकर बंद."

"मग ऱ्हाऊ द्या," सरजाबाई म्हणाल्या आणि बस गाठायला निघाल्या.

मन्मथनं जुनी फाइल आवरायला घेतली. वर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'मौजे बोंडेवाडी : पिण्याच्या पाण्याची टंचाई.' त्याच्याखेरीज ती कुणीच उघडली नव्हती. तुम्हीही उघडली नसती. या गोष्टीला ते नाव दिलं असतं, तर तुम्ही केव्हाच पान उलटलं असतं.