कलमाच्या चाकूचा परदेशप्रवास

विमानतळाच्या काउंटरसमोर थोरल्याने मोठी बॅग पुन्हा उघडली, तेव्हा त्याच्या बायकोने डोळे मिटून घेतले.

"आता काय राहिलं?"

"चाकू बघतो. दमट मोज्यात गंज धरेल."

"मोजा कोरडा आहे. मी स्वतः गुंडाळलाय. बंद करा ती बॅग, मागे माणसं खोळंबलीत."

चाकू वडिलांचा होता, गुलाबाची कलमे बांधण्याचा. बोटभर पात्याचा, दुमडता, मुठीवर त्यांच्या अंगठ्याने झिजवलेली खळी. वडील गेले त्या संध्याकाळी थोरल्याने तो आपल्या खिशात टाकला. धाकट्याने एकदाच विचारले, "मला का नाही?" उत्तर आले नाही. धाकटा परदेशी निघून गेला, तिथे बस चालवू लागला. फोन करायचा तो फक्त वहिनीला. दोन भावांमधले मौन इतके जुने झाले की घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखे सारे त्याला जपून वागवू लागले. आणि अचानक वहिनीकरवी निरोप आला होता, "दादाला म्हणावं, यायचं असेल तर चाकू घेऊन ये. नाहीतर येऊच नको."

पाते कोरडेच होते. थोरल्याने ते पँटीवर पुसले, दुमडले आणि बॅग बंद करून पट्ट्यावर ढकलली. मधली एक गोष्ट मात्र त्याच्या हाताने परस्पर उरकली. कलम बांधणाऱ्याचा हात काप घेतो, पाते पुसतो, चाकू खिशात टाकतो आणि दोरा शोधतो. उभ्या आयुष्यात हा क्रम कधी मोडला नव्हता. आपण परदेशी निघालो आहोत, हे हाताला कुणी सांगितलेच नव्हते.

यंत्र किंचाळले.

"काका, खिशात काय आहे?" तपासणीवरच्या बाईंनी विचारले.

"काही नाही," असे म्हणत थोरल्याने खिशात हात घातला आणि चाकू बाहेर काढला. स्वतःच्याच सावलीने पाठीमागून ढकलावे, तसा त्याचा चेहरा झाला.

"याला काही नाही म्हणतात?"

"कलमं करायचा आहे हो. झाडांची."

"विमानात झाडं नसतात, काका. टाका त्या पेटीत."

काचेच्या पेटीत कात्र्या, सुऱ्या, पेचकस निपचित पडले होते; निरपराध वस्तूंचे ते सामुदायिक थडगेच होते.

"पेटीत नाही टाकायचा," बायको म्हणाली. "तो टाकला तर आम्ही जाऊन तरी काय करणार?"

"मग मागे जा आणि सामानात द्या."

मोठी बॅग केव्हाच विमानतळाच्या पोटात गडप झाली होती. काउंटरवरच्या तरुणाने चाकू उलटसुलट पाहिला. "एकटा चाकू कसा घेऊ? कशात तरी घालून द्या."

दोघांचीही नजर एकाच वेळी बायकोच्या पर्सवर गेली.

"अजिबात नाही," ती म्हणाली, आणि पर्स रिकामी करू लागली. गोळ्या, चष्मा, फणी, बिस्किटे, सुईदोरा, सारा संसार थोरल्याच्या कोटात कोंबला गेला. पर्समध्ये उरला एकटा चाकू. पर्सला सामानाची चिठ्ठी लागली आणि ती पट्ट्यावरून निघून गेली.

यंत्र पुन्हा किंचाळले. कोटाच्या आतल्या खिशातून भरतकामाची कात्री निघाली.

"आता काकूंची हत्यारं?" त्याच बाई म्हणाल्या.

कात्री पेटीत पडल्याचा आवाज बायकोने संपूर्ण प्रवासभर ऐकला. निदान तिच्या गप्प बसण्यावरून थोरल्याला तसे वाटले.

उतरल्यावर सामानाचा पट्टा त्यांच्यासमोर फिरत राहिला, शेवट विसरलेल्या वाक्यासारखा. मोठी बॅग आली. माणसे पांगली. सगळ्यात शेवटी, पडद्यामागून, एकाकी पर्स आली आणि तिच्यामागोमाग गणवेशातला एक अधिकारीही आला. बायकांच्या पर्समध्ये चाकूखेरीज काहीच नसावे, हे त्याच्या अनुभवात बसत नव्हते. त्याने त्याच्या भाषेत काहीतरी विचारले.

"कशासाठी आहे असं विचारतोय वाटतं," बायको म्हणाली. "खुणांनी सांगा. आणि हळू."

थोरल्याने जीव ओतून सांगितले. डावा हात म्हणजे झाड. त्यावर बोटाने आडवा काप घेतला, मग उभा. साल दोन्ही बाजूंनी उचकटून दाखवली. काही तरी आत खुपसले आणि करकचून आवळले.

आणखी दोन गणवेश आले.

"हळू म्हटलं होतं मी," बायको म्हणाली.

शेवटी बाहेर थांबलेल्या धाकट्याला आत बोलावण्यात आले. तो बसचालकाच्या निळ्या सदऱ्यात आला. केस पांढरे, पोट सुटलेले, चाल मात्र हुबेहूब वडिलांची. अधिकाऱ्याने थोरल्याकडे बोट दाखवून त्याला प्रश्न केला. धाकटा भावाकडे पाहत राहिला. थोरल्याला वाटले, हा आता नाही म्हणेल, आणि त्यात चूक असे काही असणार नाही.

धाकटा काहीतरी बोलला. गणवेश पांगले.

"काय सांगितलंस?" थोरल्याने विचारले.

"माझा भाऊ आहे म्हटलं. घरी नेऊन ठेवा म्हणाले. खिशात मात्र नाही."

घरी पोचल्यावर थोरल्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बायकोच्या साक्षीने, चाकू धाकट्यापुढे ठेवला. "घे. चुकलं माझं."

धाकट्याने तो उघडला, मुठीवरच्या खळीत अंगठा टेकवला. त्याचे डोळे भरून आले. मग त्याने चाकू दुमडला आणि परत थोरल्याकडे सरकवला.

"तूच ने, दादा."

"म्हणजे?"

"इथे एक गुलाब नाही माझ्याकडे. खिशात ठेवून बसवर गेलो तर नोकरी जाईल. घरात ठेवला तरी झोप नाही लागायची."

"अरे, मग मागितलास कशाला?"

"तू देत नव्हतास म्हणून."

थोरल्याच्या डोळ्यांपुढून तो पट्टा, ती पेटी, ते तिन्ही गणवेश उलट्या क्रमाने सरकले. "मी नाही नेणार. मरेन, पण नेणार नाही."

"बाबांनंतर तो तुझ्याकडेच शोभतो."

"मुळीच नाही! तू धाकटा, तुझा हक्क आहे!"

"मोठेपणाचा मान तुझा!"

"हक्क म्हणतोय ना मी!"

चाकू टेबलावरून इकडून तिकडे ढकलला जाऊ लागला. दोघांचे आवाज चढले, शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. बायकोने कोटातली बिस्किटे काढून एक तोंडात टाकले. इतक्या वर्षांनी दोघे भाऊ एकमेकांशी बोलत होते, आणि आता ते कधी थांबतील याची तिला काहीच आशा उरली नव्हती.