कॅमेऱ्याची टोपी

आमचे गुलाबकाका भर उन्हात उघड्या डोक्यानं फिरत, पण त्यांचा कॅमेरा टोपीशिवाय पांढुर्ण्यात कोणी पाहिला नाही.

कॅमेरा खिशात मावेल एवढा. नगरपालिकेत नळ सोडायच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर काकांनी तो घेतला. घरात ते एकटेच, त्यामुळे सगळा जीव त्याच्यावर. "ऊन कॅमेऱ्याच्या डोळ्यात मिरचीवानी जाते," असं त्यांचं मत. मग त्या डोळ्याभोवती ते स्वतः बनवलेली, समोरून उघडी टोपी लावत. कधी सायकलच्या ट्यूबची, कधी खोकल्याच्या औषधाच्या झाकणाची, आत ऊन चमकू नये म्हणून काजळी फासलेली.

पहिली टोपी त्यांनी एका बाळाचं नाव ठेवायच्या कार्यक्रमात लावली. कॅमेरा सुरू केला तशी त्याची नळी घर्रकन बाहेर आली आणि टोपी उडून थेट पाळण्यात पडली. बाळाच्या आत्यानं ती आहेर म्हणून उचलून ठेवली. दुसरी इतकी लांब झाली, की फोटोतलं सगळं कुटुंब विहिरीच्या तळातून वर पाहत असल्यासारखं दिसलं. काका खचले नाहीत. म्हणाले, "शिकून राहिलो ना बाप्पा."

मी आठवीतच शाळा सोडलेला. गुजरातेत कापडाच्या कारखान्यात काम लागलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी होती. मला आईचा फोटो सोबत न्यायचा होता. घरात तिचा एकच फोटो, आधार कार्डावरचा, आणि त्यात आई कमी, घाबरलेली बाई जास्त. मी फोन काढला तर काका चिडले. फोनात माणूस लोण्यासारखा गुळगुळीत होतो, तिकडं गेल्यावर तुले तुही माय ओळखू येणार नाही, असं म्हणून त्यांनी मला सायकलवर बसवलं.

आई तिगावकडच्या बगिच्यात संत्रा तोडायला गेली होती. दुपारच्या भाकरीची तेवढी सुट्टी. लुगड्यावर बाबांचा जुना शर्ट, डोक्याला फडकं. चांगलं पातळ नेसून येते म्हणाली, पण वेळ कुठला? झाडाखाली उभी केली तर चेहऱ्यावर उन्हाचे ठिपके पडले. उन्हाकडे तोंड केलं तर डोळेच मिटले. शेवटी काकांनी तिला बगिच्याच्या कडेला धुऱ्यावर, उन्हाकडे पाठ करून उभं केलं. आता डोळे उघडले, पण ऊन सरळ कॅमेऱ्यात.

"त्याच्यासाठीच तं टोपी," म्हणत काकांनी कपाशीच्या बियाण्याच्या थैलीची नवी टोपी चढवली. फोटो काढला. आईच्या तोंडावर पांढरा भोपळा. दुसरा काढला, भोपळा मोठा झाला. तिकडून मुकादम हाका मारायला लागला. काकांनी टोपीत डोकावून पाहिलं. थैलीची चकचकीत बाजू आत आली होती.

"लेका, म्या तं उन्हाले घरात बोलावलं," ते हळूच म्हणाले. टोपी काढून त्यांनी खिशात कोंबली आणि डावा तळहात कॅमेऱ्यावर छपरासारखा धरला. बस, एवढंच. फोटोत आई आली. डोळे उघडे, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, जशी आहे तशी.

मी पाया पडायला वाकलो तर काका मागं सरकले. आई मात्र तिथंच उभी.

"आता तुमी उभे राहा, भाऊजी."

"माहा फोटो कोण पायते, वहिनी?"

"हा पाह्यन ना," तिनं माझ्याकडे बोट केलं.

मुकादमाच्या हाकांना न जुमानता तिनं कॅमेरा दोन्ही हातांनी धरला. कुठलं बटण दाबायचं ते तीनदा विचारलं. काका हात कुठं ठेवावे ते न कळून शाळेतल्या पोरासारखे ताठ उभे राहिले. वर हात धरायचं आईला सुचलं नाही. फोटोत उन्हाचा पट्टा काकांच्या अर्ध्या तोंडावरून गेला आणि उरलेल्या अर्ध्यात त्यांचं हसू आलं.

बिघडलेला फोटो काका जागच्या जागी पुसत. सवयीनं त्यांचा अंगठा बटणावर गेलाही. तिथंच थांबला.

संध्याकाळी स्टुडिओतून दोन्ही फोटो छापून आणून त्यांनी माझ्या हाती दिले. दुसऱ्याला ऊन लागलंय, मी म्हणालो.

"लागू दे," काका म्हणाले. "इतका वेळ माह्याकडं कोणी पाह्यलं नव्हतं."