लाल चपलांची चौकशी

आजारी माणसाला मदत करावी, याबद्दल जगात कुठेही दुमत नाही. दुमत होते ते त्याने किती दिवस आजारी राहावे याबद्दल. हृदयविकाराचा रुग्ण या बाबतीत समजूतदार असतो. पंधरा दिवसांत काय ते इकडे किंवा तिकडे होते. कॅन्सरच्या काही रुग्णांना मात्र हल्ली गोळ्या लागू पडतात आणि ते वर्षानुवर्षे जगतात. (या गोळ्या शोधताना सहकाऱ्यांच्या भावनांचा विचार झालेला दिसत नाही.)

आमच्या छापखान्यात ताई एकवीस वर्षे प्रूफं तपासतात. त्यांचे दुखणे कळले त्याच आठवड्यात आम्ही साहाय्य समिती स्थापन केली. मशीन खात्याचे फोरमन अध्यक्ष, रोखपाल खजिनदार आणि मी, म्हणजे हेडक्लार्क, चिटणीस. पहिल्या वर्षी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जणांनी पगारातून वर्गणी कापून दिली. (यात ताईही होत्या. हजेरीपटावरून यादी केली होती. एक नाव गाळले असते तर पुढचे सगळे क्रमांक बिघडले असते.) तिसऱ्या वर्षी एकोणीस जण उरले. या सहाव्या वर्षी सात आहेत, आणि एकही महिना न चुकवलेल्या वर्गणीदारांत ताईंचे नाव पहिले आहे.

आवक घटू लागली तेव्हा आम्ही हातावर हात ठेवून बसलो नाही. ‘ताईंना शेवटचा हात’ असे आवाहनपत्रक काढले. प्रूफ रीतीप्रमाणे ताईंकडेच गेले. त्यांनी ‘शेवटचा’ या शब्दाभोवती गोल करून समासात ‘नक्की?’ एवढेच लिहून पाठवले. वेळ नव्हता, म्हणून पत्रक तसेच छापले.

दर वर्षी मदत पुढे चालू ठेवण्याआधी समिती घरी जाऊन पाहणी करते. पाहणी न कळवता होते, कारण कळवले की रुग्ण घर आवरून ठेवतात आणि घर आवरलेले दिसले की प्रकृती चांगली असल्याचा गैरसमज होतो. तक्ता मीच तयार केला आहे. केस : नाहीत, येत आहेत, आहेत. चेहरा : ओढलेला, बरा, तुकतुकीत. हसणे : क्वचित, प्रसंगानुसार, विनाकारण. शेवटचा रकाना घरातील नवीन वस्तूंचा.

यंदा आम्ही रविवारी सकाळी गेलो. ताई टेबलावर प्रूफं पसरून बसल्या होत्या. सुट्टीतही काम घरी आणावे लागते, कारण दवाखान्यातल्या तपासणीच्या दिवसांचा पगार कापला जातो. केस आले होते. (एक गुण वजा.) आम्हाला पाहून त्या हसल्या. (प्रसंगानुसार धरले.) त्यांच्या लेकीने चहा केला आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, “काका, गोळी रोज घ्यायची असते. आई दिवसाआड घेतेय. डॉक्टर म्हणाले, असं केलं तर औषधाचा उपयोग राहणार नाही.”

“म्हणजे निम्म्यात भागतंय तर,” रोखपाल म्हणाले आणि त्यांनी तशी नोंद घेतली.

“भागत नाहीये, काका. तुमचे पैसे निम्मेच येतात.”

याला उत्तर देणार एवढ्यात फोरमनची नजर दाराकडे गेली. तिथे चपलांचा एक जोड होता. नवा. मऊ तळाचा. आणि लाल.

चहा निवाला. मग फोरमन अगदी हळुवारपणे म्हणाले, “ताई, आमचं काही नाही हो. पण लोक विचारतात.”

लोकांनी विचारले आहे म्हटल्यावर समितीचा नाइलाज झाला. मदत स्थगित करून ताईंकडून लेखी खुलासा मागवला. त्यांनी तो स्वच्छ अक्षरात दिला. या गोळ्यांनी तळपायांची सालं निघतात आणि भेगांतून रक्त येते. मऊ चपला डॉक्टरांनीच सांगितल्या. लाल यासाठी की तो रंग खपत नव्हता आणि दुकानदाराला जोड काढून टाकायचा होता. खाली आणखी एक ओळ होती : ‘मला जगायचे आहे, याहून वेगळा खुलासा माझ्याकडे नाही.’ ही ओळ विषयाला सोडून असल्याने इतिवृत्तात घेतलेली नाही.

समिती आडमुठी नाही. खुलासा मान्य झाला. मात्र रोखपालांनी एक रास्त मुद्दा काढला : सालं गोळ्यांमुळे निघतात आणि गोळ्या निम्म्या घेतल्या जातात, तर पायही निम्मेच सोलायला हवेत. तेव्हा एका चपलेचा खर्च योग्य आणि दुसरीचा चैनीचा, असा निर्णय एकमताने झाला. दुसऱ्या चपलेची रक्कम वळती होईपर्यंत मदत बंद राहील.

निकाल लागल्याचे चिन्ह लगेच दिसले. निर्णयानंतरच्या सोमवारी ताई जुने, कडक, काळे बूट घालून आल्या. जिना चढताना दर पायरीवर थांबत होत्या. फोरमननी वरून पाहिले आणि समाधानाने म्हणाले, “आता कशा आजारी दिसतात.” त्याच दिवशी तीन जणांनी बंद केलेली वर्गणी पुन्हा सुरू केली. मी खाली जाऊन ताईंना हात द्यायला हवा होता. मला लाज वाटली, म्हणून मी त्या तीन नावांची नोंद करत बसलो.

आता वाचकांशी दोन शब्द. चपलांची किंमत मी वर कुठेही दिलेली नाही. वाचता वाचता ती आपल्या मनात येऊन गेली असेल, तर संकोच करू नका; आम्हालाही आधी तेच आठवले होते. गोळ्यांची किंमतही मी दिलेली नाही. तिची विचारणा अजून कोणीच केलेली नाही.

समितीत एक जागा रिकामी आहे. अर्जाची गरज नाही, आपली निवड झालेली आहे. रविवारी सकाळी साडेनऊला ताईंच्या घराच्या फाटकापाशी या. दार ताईच उघडतील. आधी पायांकडे बघायचे.