चुन्यातली नऊ वळणं

"तुम्ही स्वतः सायकल चालवता का हो?" मोठ्या साहेबांनी सहज विचारलं आणि वळणरावांच्या तोंडून "रोज!" असं निघून गेलं.

खरं तर "नाही" म्हणायला काहीच हरकत नव्हती. रस्ते खात्याच्या नकाशा विभागात सायकल येणं ही काही नोकरीची अट नव्हती. पण भिंतीवर तीन वर्षांच्या मेहनतीचा नकाशा लावलेला होता, समोर सात जण माना डोलवत होते, आणि अशा वेळी माणसाच्या जिभेला हाड नसतं. दोन हायवे जिथे एकमेकांवरून जातात आणि उतारांचे चार मोठे वेढे पडतात, त्या जागेचा तो नकाशा होता. एका वेढ्याच्या पोटात ओसाड पडलेल्या जमिनीवर पावसाचं पाणी साठवणारं तळं, तळ्याकाठी झाडं आणि झाडांमधून डौलात नऊ वळणं घेत जाणारा सायकलमार्ग. सरळ रेघ काढायची म्हटलं की आमच्या वळणरावांच्या जिवावर यायचं. हे नाव ऑफिसने त्यांना त्यासाठीच ठेवलं होतं.

"झकास!" साहेब म्हणाले. "मग पुढच्या मंगळवारी सकाळी सात वाजता जागेवर भेटू. तुम्ही चालवा, आम्ही बघतो. पसंत पडलं तर लगेच सही. नाहीतर ट्रकतळाचा प्रस्ताव आहेच."

साहेबांचा कागदावर विश्वास नसे. नकाशा जागेवर खऱ्या मापात चुन्याने आखायचा आणि ज्याने काढला त्यानेच त्यावरून जाऊन दाखवायचं, ही त्यांची पद्धत. ट्रकचा उतार ज्याने काढला होता, त्याला त्यांनी ट्रकमध्ये बसवून सतरा फेऱ्या मारायला लावल्या होत्या. तो बिचारा नंतर दोन दिवस भिंतीला धरून चालत होता.

त्या दिवशी घरी गेल्या गेल्या वळणराव बायकोला म्हणाले, "सायकल शिकवायचीय."

"कुणाला?"

"मला."

बायकोने हातातला टॉवेल खाली ठेवला आणि त्यांना नखशिखांत न्याहाळलं. ती अठरा वर्षं दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसत होती आणि अठरा वर्षं सायकलनेच जात होती. "बावन्नाव्या वर्षी हे काय खूळ?"

"ऑफिसचं काम आहे. सायकलमार्गाची चाचणी."

"कुठे करताय सायकलमार्ग?"

"ते गोपनीय आहे."

"बरं बाई," ती म्हणाली. "गोपनीय तर गोपनीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला इमारतीच्या पार्किंगमध्ये शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी वळणराव सायकलवर बसले. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या गाडीवर बसले, म्हणजे सायकल गाडीला टेकली आणि हे बॉनेटवर.

"अहो, समोर बघा! पायांकडे काय बघताय? कुठे पळून जाणारेत का ते?"

"तू सोडलंस का?"

"मी केव्हाच सोडलं. मी इथे लिफ्टपाशी उभी आहे."

हे ऐकल्यावर ते पडले. सोमवारपर्यंत एवढी प्रगती झाली, की कुणी ढकलून दिलं तर वळणराव वीसेक हात सरळ जायचे. फक्त वळायचं म्हटलं की हँडल एकीकडे आणि ते दुसरीकडे. कागदावर आयुष्यभर वळणं काढली, पण प्रत्यक्षात एकही घेता येईना. "मला निवृत्त तरी करायला हवं नाहीतर दवाखान्यात भरती तरी," ते गुडघ्याला मलम लावत म्हणाले.

मंगळवारी बायकोही बरोबर आली, कारण सायकल तिची होती. "तुमचं झालं की मी तशीच पुढे जाते," ती म्हणाली. "आठला खिडकी उघडावी लागते."

वेढ्याच्या पोटात चुन्याच्या दोन पांढऱ्या रेघा डौलात वळत गेल्या होत्या. झाडांच्या जागी खुंट्या ठोकल्या होत्या. तळं मात्र नमुन्यादाखल खरंच खणलं होतं आणि टँकरने भरलं होतं. साहेब आणि बाकीचे सात जण ओळीने उभे होते. वरून गाड्या घरघरत होत्या.

बायकोने मागून एक सणसणीत धक्का दिला. वळणराव निघाले, आणि निघाले ते छानच निघाले. पहिलं वळण त्यांनी दोन्ही पाय जमिनीला घासत घेतलं. दुसऱ्या वळणावर एक झाड, म्हणजे खुंटी, गेली. तिसरं वळण तळ्याकाठी होतं. चुना उजवीकडे गेला आणि वळणराव सरळ गेले.

धप्प असा आवाज झाला. दोन बगळे उडाले.

"पाणी किती खोल धरलंय?" काठावरून साहेबांनी विचारलं.

वळणराव सायकलसकट उभे राहिले. "गुडघ्याइतकं, साहेब."

"बरोबर. लिहून घ्या." साहेब वाकून चुना बघायला लागले. "आता मला खरं सांगा. वळण चुकलंय, की चालवणारा?"

वळणरावांच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. वळणावर ढकललं, तर तीन वर्षांचं काम मातीत जाणार होतं आणि तिथे ट्रक उभे राहणार होते. स्वतःवर घेतलं, तर आठ जणांसमोर अब्रू जाणार होती. ती तशीही पाण्यात उभीच होती.

"चालवणारा चुकला, साहेब. मला सायकल येत नाही. मागच्या मंगळवारी मी धडधडीत खोटं बोललो. हिने आठवडाभर शिकवलं, पण मी ढ निघालो. मार्ग उत्तम आहे. ज्याला येते त्याला चालवू द्या."

कुणी हसलं नाही. बायको मात्र त्यांच्याकडे बघतच राहिली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण "मी चुकलो" हे वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि तेही दुसऱ्याला सांगितलेलं. तिला एकदम गहिवरून आलं.

"वहिनी, तुम्हाला येते ना?" साहेबांनी विचारलं. "तुम्ही जाऊन दाखवा."

तिने घड्याळात पाहिलं. साडेसात होऊन गेले होते. सायकल काठावर ओढून, पाणी झटकून ती टांग मारून बसली आणि निघाली. पहिलं वळण आलं, तिने ते ओलांडलं. दुसरं ओलांडलं, पाचवं ओलांडलं, आणि नऊच्या नऊ वळणं आडवी कापत, खुंट्यांच्या मधून, तळ्याला वळसा न घालता त्याच्या कडेकडेने ती नाकासमोर गेली. पुलाखालून बाहेर पडताना तिने मागे न बघता हात हलवला.

"ही इथून कशी गेली?" वळणराव पाण्यातूनच ओरडले.

साहेब ती गेली तिथवर चालत गेले. गवतात हातभर रुंदीची, घासून गुळगुळीत झालेली एक वाट होती. "ही वाट नकाशात का नाही?"

"नकाशात फक्त मंजूर वाटा दाखवतात, साहेब," वळणराव अगदी हळू आवाजात म्हणाले. तीन वर्षं मोजमापाची फीत घेऊन ते याच वाटेवर उभे राहत होते. फीत ताणायला ती बरी पडायची.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. हातातल्या नकाशावरच्या नऊ वळणांवर काट मारली, त्यांच्या जागी एक सरळ रेघ ओढली, तळं चार पावलं बाजूला सरकवलं, झाडं होती तशीच राहू दिली आणि सही केली.

संध्याकाळी बायको घरी आली, तेव्हा वळणराव दारातच उभे होते.

"काय झालं? मंजूर झालं का?"

"झालं. पण माझं नाही, तुझं. तू गेलीस त्याच रेघेवर मार्ग होणार आहे."

"इश्श, मी काय केलं? मी नुसती कामाला गेले," ती चपला काढत म्हणाली. "तिथूनच तर जाते रोज. आत शिरेपर्यंत ट्रकच्या मधून जीव मुठीत धरून."

हायवेच्या त्या वेढ्यातून कोण, किती, कधी जातं याचे तीन जाडजूड अहवाल वळणरावांच्या टेबलावर होते. घरात मात्र त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"मला कधी बोलली नाहीस ते?"

"सांगणार होते," ती म्हणाली. "पण तुम्ही म्हणालात, गोपनीय आहे."